राजमा सोडून सगळं

पावसाळा लागला की आमच्या स्वयंपाकघरातले डबे एका ठरलेल्या क्रमाने किडतात. आधी चवळी. तिच्या पाठोपाठ मूग आणि मटकी. मग हरभरे. अख्ख्या मसुराचं काही सांगता येत नाही, एखाद्या वर्षी जातो, एखाद्या वर्षी वाचतो. तुरीची डाळ श्रावणापर्यंत तग धरते. आणि राजमा? राजम्याला काही म्हणजे काही होत नाही. दसऱ्याच्या साफसफाईत डबा काढावा, तर राजमा ज्येष्ठात भरला तसाच चकचकीत.

सासूबाईंना राजमा हा प्रकार मुळातच मान्य नाही. नवऱ्याची नोकरी काही वर्षं दिल्लीत होती, तिथून तो ही आवड घेऊन आला. तसे आमच्या घरात कडधान्यांवरून आधीपासूनच दोन प्रांत आहेत. सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्यांचा जीव कडव्या वालात आणि कुळथाच्या पिठीत. मी कोल्हापूरची. मिसळीतली मटकी आणि उडदाचं घुटं यांच्यापुढे माझी बुद्धी चालत नाही. या दोन सत्तांमध्ये राजमा आला तो उपराच. आता एवढ्या डब्यांत त्या एकाच डब्याला कीड शिवत नाही, हा सासूबाईंना पुरावा वाटतो. "बघ," त्या म्हणतात, "किड्यालासुद्धा कळतं, काय खावं आणि काय नाही ते."

शास्त्राच्या दृष्टीने सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. किड्याला आवडनिवड असते, आणि ती आपल्यापेक्षा फार कडक असते. पण राजम्याच्या बाबतीत किड्याला काहीएक कळत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

हा किडा म्हणजे तांदळात निघतो तो सोंडेवाला नव्हे. तांदळातल्याला खरोखरच पुढे सोंड असते. कडधान्यातला भुंगेरा वेगळा, बसक्या बांध्याचा, तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी अंगावर काळे-पांढरट ठिपके असलेला. त्याचे पंख पाठीवर पूर्ण पुरत नाहीत, मागचं टोक उघडंच राहतं. आपल्याकडे डब्यात भेटतात ते मुख्यतः दोन भाऊबंद. एकाचं शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. त्याचं बारसं खुद्द लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये केलं. दुसरा कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस. त्याला नाव दिलं लिनियसच्याच शिष्याने, फॅब्रिशियसने, १७७५ मध्ये. दोघांना ओळखायची एक खूण भिंग घेतलं तर सापडते: चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात. भिंग घेऊन मूग निवडणारी बाई घरच्यांना कशी दिसते, ते वेगळं सांगायला नको.

मूग ताटात ओतले की पहिल्यांदा किडे दिसतच नाहीत. दिसतात ती त्यांची मेल्याची सोंगं. धक्का बसला की हा प्राणी सहाही पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, आणि मुगाच्या दाण्यांत आणखी एक करपट दाणा वाटतो. आपण त्याला बोटाने बाजूला करून पुढच्या दाण्याकडे वळलो, की तो उठून ताटाच्या काठाकडे धूम ठोकतो. ताट चुलीशेजारी असेल तर काठ ओलांडून ओट्यावर. सासूबाई म्हणूनच ताट मांडीवर घेत नाहीत.

पण या भुंग्याविषयी मला सगळ्यात नवलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. डब्यातला मोठा झालेला भुंगा काही खात नाही. पाणीही पीत नाही. त्याचं आयुष्य दहा-बारा दिवसांचं, फार तर दोन आठवड्यांचं. तेवढ्यात लग्न, बाळंतपण आणि मरण उरकायचं असतं. खाणं सगळं अळीच्या वयात झालेलं असतं, आणि त्या शिदोरीवरच हा उरलेला जन्म निघतो. म्हणजे चवळी आवडते की मटकी, हे जी ठरवते ती मादी त्यातलं काहीच तोंडात घालणार नसते. ती शंभरेक अंडी घालते. प्रत्येक अंडं एका दाण्यावर चिकटवते. आतली अळी पुढे त्याच एका दाण्यात जन्म काढणार असते, दुसऱ्या दाण्यात जायची सोय नाही. निवड एकदाच, तीही दुसऱ्याच्या जिवावर.

आणि काय निवड असते! भाजीवाल्यासमोर बसून एकेका भेंडीचं टोक मोडून पाहणारी बाई आपण पाहिलेली असते. ही मादी तशीच दाण्यादाण्यावरून चालते, मिशांनी, तोंडाजवळच्या स्पर्शिकांनी आणि मागच्या टोकाने चाचपत. गुळगुळीत साल तिला पसंत. खडबडीत, सुरकुतलेल्या सालीच्या हरभऱ्यावर ती नाक मुरडते. गुळगुळीत, पातळ सालीचे काबुली चणे तिला बरे वाटतात. मोठा दाणा लहानापेक्षा चांगला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाणा रिकामा हवा. आधी कुणाचं अंडं असेल तर ती शक्यतो तो सोडून पुढे जाते. अंडी घालताना माद्या दाण्यावर एक रासायनिक खूणही ठेवतात, तिचा वास पुढचीला समजतो. त्यामुळे किडलेले मूग नीट पाहिले तर अंडी ढिगाने एकीकडे आणि बाकी दाणे कोरे असं सहसा दिसत नाही. वाटणी बऱ्यापैकी सारखी असते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगची वाटणी करणाऱ्या समितीला हे अजून जमलेलं नाही.

अंडं म्हणजे दाण्यावरचा एक पारदर्शक थेंब, साबुदाण्याच्या कणीपेक्षा कितीतरी लहान. काही दिवसांत त्याच्या तळातूनच अळी सरळ दाण्यात शिरते, बाहेर तोंड दाखवतच नाही. शिरताना मागे टाकलेला भुगा त्या रिकाम्या टरफलात साचतो आणि थेंब पांढरा होतो. चवळीवर जे पांढरे ठिपके दिसतात ते हेच. ठिपका पांढरा म्हणजे घरमालक आत राहायला गेला. स्वच्छ, पाण्यासारखा थेंब असेल तर अजून वेळ आहे, किंवा अंडं वांझ गेलं. आतमध्ये अळी कात टाकत वाढत जाते, आणि कोषात जाण्याआधी सालीच्या अगदी खालपर्यंत पोखरून एक गोल खिडकी तयार ठेवते. बाहेरून तिथे फक्त एक धुरकट वर्तुळ दिसतं. तीस अंशांच्या आसपास उकाडा असला की अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. मग तो ते झाकण कापून बाहेर येतो. झाकण इतकं गोल कापलेलं असतं की ते कधीकधी एका बाजूने बिजागरीसारखं लोंबत राहतं.

एका दाण्यात दोन अळ्या शिरल्या तर काय होतं, यावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घालवली आहेत. मला वाटतं, सगळ्या भावकीच्या भांडणांचा अभ्यास इथूनच सुरू करायला हवा. १९७९ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीहून मूग-उडदाच्या शेंगांमधून काही मॅक्युलॅटस भुंगे गोळा करून परदेशातल्या प्रयोगशाळांत नेले गेले. त्यांचे वंशज अजूनही तिथे सुखाने नांदतात. या दक्षिण भारतीय घराण्याची रीत अशी, की मुगाच्या इवल्या दाण्यात दोन अळ्या भेटल्या तर एक उरते. दाणा लहान, वाटेकरी नको. याउलट चवळीसारख्या मोठ्या दाण्यावर वाढलेली काही घराणी आहेत, त्यांच्या अळ्या एकाच दाण्यात दोघी-तिघी मिळून राहतात, भिंती घालून. जात एकच, पण दाण्याच्या आकाराने स्वभाव बदलला.

आता राजमा.

मादीला राजमा अजिबात नकोसा वाटत नाही, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. पण प्रयोगशाळेत मॅक्युलॅटसपुढे राजमा ठेवला की ती त्यावर मजेत अंडी घालते. दाणा मोठा, साल गुळगुळीत, कुणी आधी आलेलं नाही, तिच्या सगळ्या कसोट्यांना राजमा पुरेपूर उतरतो. अंडी उबतात, अळी आत शिरते, आणि तिथे मरते. अळीला पिष्ट पचवायला अमायलेज नावाचं विकर लागतं. राजम्याच्या दाण्यात नेमकं ते विकर अडवणारं प्रथिन भरलेलं असतं. ते एकटंच कारण नाही, राजम्यात आणखीही अस्त्रं आहेत. (तीच अस्त्रं कच्च्या राजम्यात आपल्यालाही भोवतात, म्हणून राजमा भिजवून चांगला खळखळून उकळायचा.) पण सार एवढंच, की अळी खाते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोटभर जेवून उपाशी मरते. आईची सगळी पारख सालीपुरती होती, आत काय आहे ते तिला कळायला मार्ग नव्हता. म्हणजे आमचा राजमा टिकतो तो किड्याला चव आहे म्हणून नव्हे, किड्याची पारख चुकते म्हणून.

राजम्याचं हे शास्त्र माणसाच्या नजरेतून सुटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजम्यातलं हे प्रथिन बनवणारं जनुक मटारात घातलं. मटारावरचा भुंगा खरंच गारद झाला. मग २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे मटार खाऊ घातलेल्या उंदरांमध्ये ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया दिसली होती. प्रकल्प गुंडाळला गेला. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासलं, तर कुठलाही बदल न केलेल्या साध्या राजम्यानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया आढळली. हा तपशील मी घरात सांगायला नको होता. सासूबाईंनी पापडाची लाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे उंदरालासुद्धा राजमा मानवत नाही!"

राजमा मूळचा अमेरिका खंडातला, आणि तिकडे त्याचा स्वतःचा भुंगा आहे, ॲकॅन्थोसेलिडीस नावाचा. त्याला राजम्याचं विष पचतं. तो अंडी दाण्यावर चिकटवण्याचा खटाटोपही करत नाही, दाण्यांमध्ये नुसती सोडून देतो. अळीने आपापलं घर शोधावं. दोन्ही पद्धती चालतात, हे पाहून मला उगाच बरं वाटलं.

विष पचवण्यात मात्र कोस्टारिकाच्या जंगलातल्या एका भुंग्याचा हात कुणी धरणार नाही. तिथे डायोक्लिया नावाच्या वेलीच्या बिया कॅनाव्हॅनिनने ठासून भरलेल्या असतात. कॅनाव्हॅनिन दिसायला आर्जिनिन या अमिनो आम्लासारखं. बहुतेक किड्यांची शरीरं फसतात, आर्जिनिन समजून तेच आपल्या प्रथिनांत गुंफतात आणि ती प्रथिनं निकामी होतात. कॅरिडीज ब्रॅझिलिएन्सिस या भुंग्याची अळी फसत नाही. तिला दोन्हींतला फरक ओळखता येतो. एवढंच नाही, ते विष फोडून त्यातला नायट्रोजनही ती वापरते. झाडाने मारायला ठेवलेला माल ती खुराक म्हणून खाते. त्याच कोस्टारिकात डॅनिएल जॅन्झेन या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं झाडांच्या बिया गोळा केल्या आणि त्यातून कोण बाहेर येतं ते पाहिलं. १९८० च्या त्यांच्या अभ्यासात बियांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जाती आयुष्यभर एकाच जातीच्या झाडाला चिकटून होत्या. जंगलात हा नियम. त्या मानाने आमच्या डब्यातला मॅक्युलॅटस चवळी, मूग, मटकी, तूर, हरभरा सगळं चालवून घेतो. गोदामाची सवय लागलेला प्राणी. त्याला पक्वान्नाचा आग्रह नाही.

तरी आवडनिवड आहेच, आणि दोन भाऊबंदांत ती वेगळी आहे. उडीद घ्या. मॅक्युलॅटस उडदात नीट वाढतो, चायनेन्सिसला लागवडीचा उडीद बहुधा झेपत नाही. मसूर याच्या उलट: चायनेन्सिसचं मसुरावर झकास चालतं, मॅक्युलॅटसचं नाही. आमच्या घरचा मसूर एखाद्या वर्षी जातो आणि एखाद्या वर्षी वाचतो, याचं कोडं मला इथे सुटल्यासारखं वाटतं. त्या वर्षी पिशवीतून कोण आलं, यावर सगळं. मूग बिचारा दोघांनाही बळी पडतो. मादागास्करमध्ये सापडलेल्या एका जंगली मुगावर मात्र दोघांचंही काही चालत नाही. त्याला संशोधक टीसी १९६६ या नोंदणी क्रमांकाने ओळखतात आणि मुगाच्या नव्या वाणांत त्याचा तो गुण आणायचा प्रयत्न चालतो. इतक्या मौल्यवान मुगाला कुणी धड नावही ठेवलं नाही, हे मला जरा खटकतं.

मसुराची सुरक्षितताही कायमची नाही. तिरुनेलवेलीच्या त्या भुंग्यांची संतती अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठात फ्रँक मेसिना यांच्याकडे होती. त्यांनी मुगावर वाढलेल्या या भुंग्यांपुढे फक्त मसूर ठेवला. पहिल्या पिढीत शंभरातल्या एक-दोन अळ्याच जगल्या. बहुतेकदा असा वंश संपूनच जातो. पण जे टिकले, त्यांच्या वीसेक पिढ्यांच्या आतच जगण्याचं प्रमाण शेकडा ऐंशीच्या वर गेलं. वीस पिढ्या म्हणजे महिन्याला एक धरली तरी दोन वर्षंसुद्धा नाहीत. तमिळनाडूचं मुगावर पोसलेलं घराणं अमेरिकेत जाऊन दोन वर्षांत मसूर पचवायला शिकतं, आणि आमच्याकडे कोल्हापूरहून आलेल्या सुनेला कडवे वाल आवडायला किती काळ गेला ते सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात.

असंच स्थलांतर चिंचेच्या भुंग्याने केलं. लहानपणी सारीपाटाला आणि चौसरीला चिंचोके घेऊन बसलं की त्यातला एखादा हलका निघायचा, त्याला एक भोक असायचं. ते केलेलं असतं कॅरिडॉन सेराटस नावाच्या भुंग्याने. चिंच, आपटा-कांचनाची भाऊबंद झाडं, बाभळी हे त्याचं जुनं राज्य. मग दक्षिण अमेरिकेतून भुईमूग आला, आणि या गड्याने शेंगेत शिरायची वाट शोधली. आज तो साठवलेल्या शेंगांचा नामांकित शत्रू आहे. चिंचोक्याच्या सालीला तोंड लावलेल्याला शेंगेच्या फोलाचं काय कौतुक!

किडा घरात येतो तो बहुतेक वेळा डब्यात उत्पन्न होत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असतं आणि गृहिणीला पटत नाही. तुरीच्या शेंगा शेतात वाळायला लागल्या की मादी तिथेच अंडी घालते. तूर घरात येते तेव्हा पाहुणे आत बसलेलेच असतात. खळ्यातून कणगीत, कणगीतून बाजारात, बाजारातून आपल्या डब्यात. मटारावरचा भुंगा तर फक्त शेतातच अंडी घालतो, कोवळ्या शेंगेवर. वाळल्या मटारात त्याची पुढची पिढी होत नाही. या मटारभुंग्याची एक गोष्ट मला फार आवडते. लिनियसचा दुसरा एक शिष्य, पेर काल्म, १७४८ मध्ये वनस्पती शोधायला उत्तर अमेरिकेत गेला होता. पेनसिल्व्हेनियात आणि आसपास या किड्याने लोकांना मटाराची लागवडच सोडायला लावली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. १७५१ मध्ये तो स्टॉकहोमला परतला, तिकडून आणलेल्या वाटाण्याची एक पुडी उघडली, आणि आत पाहतो तर दाणे पोखरलेले, त्यातून भुंगे डोकावताहेत, काही बाहेर पडून पळायच्या बेतात. त्याने लिहून ठेवलं आहे की विषारी साप दिसला असता तरी मी इतका घाबरलो नसतो. पुडी त्याने तत्काळ घट्ट मिटली. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेला, अरण्यं पालथी घातलेला माणूस, आणि वाटाण्याच्या पुडीने गर्भगळीत झाला. उद्या हे सगळ्या स्वीडनमध्ये पसरलं तर जबाबदारी आपली, ही ती भीती. किडकी पिशवी मुकाट शेजारच्या बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकून येणाऱ्यांनी काल्मचं चरित्र जरूर वाचावं.

उपायांच्या बाबतीत आमच्या सासूबाई पुढे आहेत आणि शास्त्र त्यांच्या मागून धापा टाकत येतं आहे, असं मला खूपदा वाटतं. वालाला त्या राख चोळतात. राखेने किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरचटतं, अंगातलं पाणी उडतं आणि तो सुकून मरतो. तुरीच्या डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायचं, ही तर प्रत्येक घरची रीत. तेलाच्या थराने अंड्याचा श्वास कोंडतो. डाळ तशीही अख्ख्या दाण्यापेक्षा जास्त टिकते. मादीला अख्खा, गुबगुबीत दाणा हवा असतो, साल काढलेली फाकळी तिला तितकीशी रुचत नाही. आपल्या पूर्वजांनी कडधान्य भरडून ठेवलं ते शिजायला सोपं म्हणून, यात शंका नाही, पण भुंग्याचा डावही त्यात मोडला गेला. कडुनिंबाचा पाला, सुक्या मिरच्या, पारद टिकड्या यांचे पंथ वेगवेगळे आहेत आणि मी त्यात पडत नाही.

उन्हाबद्दल मात्र मतभेद आहेत. चैत्रात ताटभर मूग गच्चीवर पसरले की मोठे भुंगे उडून जातात आणि आपल्याला वाटतं मोहीम फत्ते. आत बसलेल्या अळीला तेवढ्याशा उन्हाने काही होत नाही. प्रयोग सांगतात की सत्तावन्न अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं तर अंड्यापासून कोषापर्यंत सगळे मरतात. त्यासाठी पातळ थर, खाली काळं कापड किंवा काळा कागद, वर पारदर्शक प्लॅस्टिक असा थाट करावा लागतो. मोड आणायचे असतील त्यांनी त्यातले थोडे बाजूला काढून मग हा खेळ करावा. जास्त तापलेल्या मुगाला मोड येतीलच असं नाही, आणि ती तक्रार माझ्याकडे नको.

खरी हुशारी झाली ती आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये, चवळीच्या पोत्यांवर. तिथली चवळी म्हणजे मॅक्युलॅटसचं माहेरच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने तिथल्या शेतकऱ्यांसाठी एक पोतं बनवलं: आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, तोंड गच्च बांधलेलं. औषध काही नाही. आतले किडे श्वास घेत घेत हवेतला प्राणवायू संपवतात आणि मग बसतात. पुढे कळलं की ते गुदमरून तितके मरत नाहीत जितके तहानेने. कोरड्या दाण्यात पाणी कुठलं? अळी अन्न जाळते, त्याला प्राणवायू लागतो, आणि त्या जाळण्यातूनच तिला पाणी मिळतं. प्राणवायू गेला की विहीरच आटली. हे वाचल्यापासून मी अर्धवट भरलेले डबे ठेवत नाही. डबा काठोकाठ, झाकण घट्ट, आत हवा जितकी कमी तितकी बरी. सासूबाईंना हे काटकसरीच्या विरुद्ध वाटतं, कारण काठोकाठ भरायला एकेका डब्यात दोन-दोन किलो कडधान्य आणावं लागतं.

एक गोष्ट आमच्या घरात अजून कुणालाच पटलेली नाही. किडलेल्या डब्यात कधीकधी भुंग्यांबरोबर चिमुकल्या काळ्या माशा फिरताना दिसतात, चिलटासारख्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. "बघा, आता माशाही झाल्या!" असं म्हणून आपण डबा आणखी जोराने आपटतो. त्या माशा नव्हेत. बहुतेकदा ती डिनार्मस बासालिस नावाची गांधीलमाशीच्या कुळातली, दंश न करणारी बया असते. दाण्याच्या सालीवरून ती आतल्या अळीचा अंदाज घेते, सालीतून नळी घालून तिला बधिर करते आणि तिच्या अंगावर स्वतःचं अंडं ठेवते. पुढे दाण्यातून भुंगा बाहेर पडत नाही, ही बाहेर पडते. जपानमध्ये स्युन्रो उटिडा यांनी अझुकी नावाच्या चवळीसारख्या लाल कडधान्यावर चायनेन्सिस आणि त्याच्या अशा शत्रूला एकत्र वर्षानुवर्षं पाळलं. दोघांची संख्या एकापाठोपाठ चढत-उतरत राहिली, कुणीच पूर्ण संपलं नाही. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेले ते आलेख आजही पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकांत दाखवले जातात. एका काचेच्या भांड्यात एवढा समतोल. आमच्या डब्यात तो येण्याआधीच मी ताट गच्चीवर नेते.

परवा चवळी आणायला गेले. वाण्याने पोत्यातून मापटं भरून समोर ओतलं. वरच्याच दोन-तीन दाण्यांवर पांढरे ठिपके. मी बोट ठेवलं.

"ताई, ते जातीचंच असतं," तो म्हणाला. "चवळीला ठिपका येतोच."

"आत किडा गेला की येतो," मी म्हटलं. "पारदर्शक असता तर चाललं असतं."

त्याने दाणा उचलून दिव्याकडे धरला आणि मग माझ्याकडे पाहिलं. "किडा लागतो म्हणजे माल चांगला, ताई. औषध नाही मारलेलं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. गोदामात वायूची धुरी देतात, त्याने आतले किडे मरतात आणि वायू उडून जातो; दुसऱ्या दिवशी नवा भुंगा आला तर त्याला कुणी अडवत नाही. म्हणजे किडा असला तरी औषध मारलेलं असू शकतं, आणि नसला तरी मारलेलं नसू शकतं. पण एवढं सगळं दुकानात, मागे तिघं उभे असताना, कसं सांगणार?

"मग मसूर न्या," तो म्हणाला. "मसुराला नाही लागत."

"कुठला भुंगा आहे त्यावर अवलंबून आहे," माझ्या तोंडून गेलं.

मागचे तिघं एक पाऊल पुढे सरकले. वाण्याने मापटं पुन्हा पोत्यात रिकामं केलं, हात झटकले आणि वरच्या फळीवरून एक बंद पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे न्या, ताई. याला काही होत नाही."

पाकिटात राजमा होता.